'माल उशिरा दिलात, म्हणून बिल थांबवलंय': थकीत बिलासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज

पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक भागातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपच्या मालकाला विचारा, बिल का अडकलंय? पार्टी म्हणते, माल उशिरा आला. कधी ते खरंही असतं. पण तेवढ्यावरून सगळं बिल दाबून ठेवता येत नाही, आणि वसुलीसाठी दरवेळी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकीत बिलांचे तंटे सोडवणाऱ्या राज्य सरकारच्या मंडळाकडे, अर्ज करता येतो.

आधी मुदतीचं गणित. ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी कायदा ४५ दिवसांपुढे जाऊ देत नाही. मुदत लेखी ठरलीच नसेल तर १५ दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे, बिलाच्या तारखेपासून नाही. डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल डिलिव्हरीच्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के.

अर्ज कोण करू शकतो? उद्यम नोंदणी (केंद्र सरकारच्या पोर्टलवरची लघुउद्योगाची नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग. १ एप्रिल २०२५ पासून लघु म्हणजे गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. मध्यम उद्योगाला हा मार्ग नाही, नुसत्या ट्रेडिंगवाल्यालाही नाही. घेणारा मात्र कितीही मोठा असो, सरकारी असो, चालतो. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची असलेली बरी. बिल थकल्यावर घाईने उद्यम काढणारे मी बरेच पाहिलेत. २०२१ आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार मागच्या व्यवहाराला ती नोंदणी कामाला येत नाही. दुसरी मेख वर्क्स कॉन्ट्रॅक्टची. माल, मजुरी, उभारणी असं सगळं एकत्र घेतलेल्या कंत्राटाला हा कायदा लागू नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे आहेत. तुमची ऑर्डर तशी असेल तर आधी वकिलाला दाखवा.

आता कागद. पर्चेस ऑर्डर आणि तिच्यातल्या दुरुस्त्या, बिलं, ई-वे बिल, उद्यम प्रमाणपत्र, खातेउतारा, व्याजाचा तक्ता, पत्रव्यवहार. पण सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे डिलिव्हरी चलन. एका केसमध्ये गेटवरचा शिक्का होता, सही होती, तारखेच्या जागी मात्र नुसती रेघ. माल कधी पोचला यावरच सुनावणीच्या दोन तारखा गेल्या. ड्रायव्हरला सांगून ठेवा, तारीख टाकून घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

उशिराच्या आरोपाचं उत्तर अर्जातच द्या, कारण समोरचा कौन्सिलपुढे प्रतिदावा करू शकतो. करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सांगतं की उशिरा आलेला माल घेणाऱ्याने स्वीकारला आणि त्याच वेळी भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर मागाहून ती मागता येत नाही. त्यात ड्रॉइंग मंजूर करायला किंवा त्यांच्याकडचं मटेरियल पाठवायला त्यांनीच तीन आठवडे लावले असतील तर तो मेल जोडा. ऑर्डरमध्ये एलडीचं (लिक्विडेटेड डॅमेजेस, म्हणजे उशिरासाठी आधीच ठरवलेल्या भरपाईचं) कलम असलं तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा.

अर्ज ऑनलाइन. २०१७ पासून 'समाधान' पोर्टल होतं, जून २०२५ मध्ये ओडीआर (ऑनलाइन तंटा निवारण) पोर्टल सुरू झालं. नवा अर्ज तिथे. तुमचा कारखाना जिथे, तिथलंच कौन्सिल, मग पार्टी चेन्नईची का असेना. आधी समेट, तो फसला की लवाद. कायद्यात ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. निवाड्याला आव्हान द्यायचं तर घेणाऱ्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि बऱ्याच पार्ट्या इथेच नरम पडतात.

तीन वर्षांची मुदत उलटलेल्या थकबाकीसाठी समेटाचा दरवाजा उघडा राहतो, लवादाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. म्हणून दर मार्चअखेर पार्टीकडून बाकी मान्य असल्याचं पत्र सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा.