मिरजेची तंतुवाद्यनिर्मिती

सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात तंबोरा, सतार आणि त्यांच्या जातीची इतर तंतुवाद्ये हाताने घडविण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. या व्यवसायातील घराण्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव धारण केले असले, तरी मिरजेचा खरा लौकिक सतारीपेक्षा तंबोऱ्यावर उभा आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शस्त्रांची मागणी ओसरत गेली, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण वाद्यदुरुस्तीकडे व पुढे वाद्यनिर्मितीकडे वळले. या पहिल्या पिढीत फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव आदराने घेतले जाते. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे चाहते होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर शिकले ते याच गावात, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांनीही येथेच वास्तव्य केले. वाद्यातली खोट लगेच ओळखणारे गवई दाराशी असल्यामुळे कारागिरांचा हात आणि कान दोन्ही तयार झाले.

तंबोऱ्याचा भोपळा कडू जातीचा असतो व तो मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर खरवडून काढतात आणि कापलेले तोंड काटक्यांचा ताण देऊन हव्या त्या रुंदीला आणून पुन्हा सुकवितात. गळा, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली लाकडी पाटी) ही बहुधा तुणीच्या लाकडाची असतात. त्यानंतर कोरीव पाने, नक्षी, खुंट्या आणि पॉलिश ही कामे होतात. त्यांत सफाई लागते, पण वाद्याची किंमत ठरते ती जवारीवर.

तबलीवरील घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, पृष्ठभाग सपाट दिसला, तरी त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर, म्हणजे त्याच तारेतून निघणारे वरचे सूक्ष्म स्वर, उमटतात. छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने लोपायला हवेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. हा उतार कानशीने घासून साधणे म्हणजे जवारी काढणे. कारागीर थोडे घासतो, तार चढवितो, छेडून ऐकतो, तार उतरवितो आणि पुन्हा घासतो. घास जरा जास्त झाला की नाद भसाडा होतो आणि कमी पडला की तार मुकी राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुताचा धागा नेमक्या जागी येताच आवाज ‘खुलतो’. या कामाला मापपट्टी नाही. म्हणूनच जवारी काढणारा घरात असणे ही या घराण्यांची खरी मिरास होय. गायकाचा स्वर पाहून, म्हणजे पुरुषाच्या काळी एकसाठी की स्त्रीच्या काळी चारसाठी (पेटीची पहिली किंवा चौथी काळी पट्टी हा ‘सा’), भोपळ्याचा आकार आणि तारांची जाडी ठरते. वापराने तारांचे चरे पडून घोडी झिजते आणि जवारी नव्याने काढावी लागते, त्यामुळे एकदा विकलेला तंबोरा कारागिराकडे पुन्हा येतोच.

व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतील क्रेमोना शहराची कारागिरी २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ मध्ये. मानांकनामुळे मिरजेच्या नावावर दुसरीकडचा माल खपविण्यास कायद्याने आळा बसू शकतो. नवी पिढी या धंद्यात टिकविण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण महिनोन्‌महिने केवळ घासण्याचे आणि ऐकण्याचे काम शिकायला तयार होणारी मुले कमी आहेत. रियाझासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरील ॲप आता घरोघरी पोहोचली आहेत. मैफलीत गवयाच्या मागे मात्र अजूनही भोपळ्याच्या तंबोऱ्यांची जोडीच लागते, आणि मिरजेची मुख्य मागणी तीच आहे.