सेंद्रिय व्हाइट वाइन आणि नॅचरल व्हाइट वाइन: वावर एक, टाकी वेगळी

जीवामृत, दशपर्णी अर्क, प्रमाणपत्राची कटकट, शेजारच्या वावरातून वाऱ्यावर येणारा फवारा. हे विदर्भातल्या सेंद्रिय शेतकऱ्याला मी काय सांगावं! माझी तक्रार वेगळीच आहे. हीच जाणती माणसं पुण्या-मुंबईहून आलेली व्हाइट वाइनची बाटली हातात घेतात, मागच्या बाजूला युरोपचं हिरवं पान, म्हणजे तिकडचा सेंद्रिय शिक्का, पाहतात आणि म्हणतात, "म्हणजे नॅचरलच झाली ना!" विकणारेही खुशाल हो म्हणतात. कारण दोन्हींची किंमत चढीच लावता येते.

वावराचा भाग लवकर उरकतो, कारण तिथे फारसा फरक नाही. दोन्हीकडे रासायनिक खत नाही, तणनाशक नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बुंध्याला डिंक्यासाठी लावतात ते बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षबागांसाठी १८८५ च्या सुमारास पुढे आलं, आणि सेंद्रिय बागेत ते आजही चालतं. फक्त त्यातल्या तांब्यावर मर्यादा आहे: युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. भुरीसाठी गंधकही चालतं. नॅचरलवाले, म्हणजे टाकीत वरून जवळपास काही न घालता वाइन करणारे, बहुतेक सेंद्रिय द्राक्षंच घेतात. म्हणजे चांगली नॅचरल वाइन साधारणपणे सेंद्रिय वावरातूनच येते, पण सेंद्रिय वाइन नॅचरल असेलच असं अजिबात नाही.

घोळ होतो तो द्राक्षं वावरातून निघाल्यावर.

मोहाचं बघा. मोहफूल जंगलातलं, त्याला ना युरिया ना फवारणी. त्याहून सेंद्रिय काय असणार? पण सडवा लवकर उठावा म्हणून कोणी त्यात नवसागर टाकला, तर फूल शुद्ध असून उपयोग काय? नुसतं फूल आणि पाणी ठेवलं तर फुलावरचं यीस्टच ते आंबवतं. पुढे भट्टी लागते आणि मोहाची वाट वाइनपासून फुटते, तो भाग सोडा. माल कुठून आला हा एक प्रश्न, आणि मालात पुढे काय पडलं हा दुसरा.

सेंद्रिय वाइनच्या टाकीत बरंच काही पडू शकतं. युरोपात २०१२ च्या हंगामापर्यंत तळघरासाठी, म्हणजे वाइन जिथे बनते तिथल्या कामासाठी, सेंद्रिय नियमच नव्हते. बाटलीवर फक्त 'सेंद्रिय द्राक्षांपासून' एवढं लिहिता यायचं. नंतर नियम आले, पण सैल. पाकिटातलं यीस्ट चालतं. वाइन नितळ करायला बेंटोनाइट माती, केसीन, अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, माशाच्या फुग्यापासून केलेलं आयझिंग्लास, सगळं चालतं. (सेंद्रिय म्हणजे शाकाहारी असं समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) आणि वाइन हवेने बिघडू नये म्हणून घालतात ते सल्फाइटही चालतं. साध्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, व्हाइट वाइनला लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा, सेंद्रियला १५०. कमी आहे, पण शून्य नाही. अमेरिकेत मात्र 'ऑरगॅनिक वाइन' म्हटलं की वरून सल्फाइट घालता येत नाही. त्यामुळे 'सेंद्रिय म्हणजे बिनसल्फाइटची' हा समज तिकडून उडत इकडे आला असावा.

नॅचरल वाइनला जगभर लागू असा एक कायदा नाही. पण पद्धत ठरलेली आहे: सालीवरचं आणि तळघरातलं यीस्ट, वरून काही नाही, गाळणी नाही किंवा अगदी ढोबळ, सल्फाइट शून्य किंवा बाटली भरताना चिमूटभर. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेथोद नात्यूर' असा शिक्का आहे. त्याला प्रमाणित सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी आणि जंगली यीस्ट लागतं, आणि सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आतच. १५० आणि ३० हे आकडे शेजारी ठेवा, मग 'एकच झालं' म्हणून दाखवा. आणखी एक: बागेत भुरीवर मारलेलं गंधक आणि टाकीत घातलेलं सल्फाइट यांची गाठ मारू नका. पहिल्याला दोघेही हो म्हणतात, भांडण दुसऱ्यावरून आहे.

हे भांडण व्हाइटमध्येच जास्त पेटतं. रेड वाइन सालीसकट आंबते, सालीतलं टॅनिन तिला हवेपासून थोडं सांभाळतं. व्हाइटची द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात, त्यामुळे हा आधार जातो. म्हणून नेहमीचे उत्पादक सल्फाइट घालतात, बारीक गाळतात आणि रसातल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होणं अनेकदा रोखतात. त्यातून हिरव्या सफरचंदासारखी करकरीत, आरशासारखी वाइन मिळते. नॅचरलमध्ये ही दुसरी आंबवण बहुधा होऊनच जाते. धार बोथटते, अंग भरतं, वास ताज्या फळाकडून गवत, मध, अक्रोडाकडे सरकतो. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला नॅचरल शेनिन ब्लां (हे द्राक्षाच्या जातीचं नाव) पेल्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा हुंगा, दर खेपेला वेगळा लागेल. तिथल्याच झुरा भागातला, पिंप अपुरं भरून यीस्टच्या सायीखाली वर्षानुवर्षं ठेवलेला सावान्यां (हीही द्राक्षाची जात) तर थेट अक्रोड आणि मेथीच्या वाटेने जातो. त्याचा पहिला घोट घेऊन "हे तं नासली दिसते बाप्पा" म्हणणाऱ्यावर मी रागावत नाही. दुसरा घोट घ्यायला लावतो.

पण खरंच नासलेलीही असते, आणि तिचं कौतुक करणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. गढूळ आहे म्हणजे अस्सल, हा निव्वळ भाबडेपणा. बिनसल्फाइटच्या वाइनचा खास दोष म्हणजे उंदराच्या पिंजऱ्याचा वास. तो पेल्यात येत नाही, कारण वाइनच्या आम्लात तो दबलेला असतो. घोट गिळला, लाळेने आम्ल उतरलं, की काही सेकंदांनी घशाकडून वर येतो. काहींना तो कळतच नाही, म्हणून एकाच टेबलावर दोन मतं होतात. ज्याला आला त्याचं खरं धरा आणि बाटली बाजूला ठेवा.

ऑरेंज वाइनचं दोन ओळीत: तिच्यात संत्रं नसतं. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवली की तो रंग येतो, जॉर्जियात मातीच्या क्वेव्री रांजणांत करतात तसा. ती नॅचरल असते किंवा नसतेही. डोकेदुखीचं खापर सल्फाइटवर फोडणाऱ्यांनी गंधकाची धुरी दिलेले पिवळे बेदाणे मूठभर खाऊन पाहावेत. त्यांत सल्फाइट वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं.

आपल्या तालुक्याच्या वाइन शॉपात वाइन सोडून सगळं मिळतं, त्यामुळे बाटली बाहेरूनच येणार. (वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यात वाइनही आली.) ऑरेंज वाइन सावजीबरोबर घेऊ नका. टॅनिन आणि तिखट एकमेकांना चढवतात. सांबारवडीबरोबर शेनिन घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये बिनसल्फाइटची बाटली गाडीच्या डिकीतून अमरावतीपर्यंत आणायचा हट्ट नको. अशा वाइनला तिशीच्या वरचा उन्हाळा सोसत नाही, आपल्याकडे तर पारा पंचेचाळीसला टेकतो. मी मागवतो तेव्हा थोडं, वीस-तीस मिलिग्रॅम सल्फाइट घातलेली मागवतो, आणि तीही दिवाळीनंतर.