रास्ताची टोपी आणि डान्सहॉलची जाळी

गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांच्या विणलेल्या टोप्या टांगलेल्या असतात. ही कुठली स्टाइल म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं: जमैकन. मग इंटरनेटवर केस निळे रंगवलेला, गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या घातलेला जमैकाची राजधानी किंग्स्टनचा एखादा नाचणारा पोरगा दिसला, की तोही ‘रास्ता’च ठरतो. खरं तर टोपी रास्ता, म्हणजे रास्ताफारी या धार्मिक पंथाची, आणि पोरगा डान्सहॉल या नाच-संगीताच्या दुनियेतला. दोघंही जमैकाचेच, पण एकाचं नाव दुसऱ्याला देण्याआधी दोघांचे कपडे नीट बघायला हवेत.

आधी टोपी. जमैकाच्या झेंड्यात काळा, हिरवा आणि सोनेरी असे तीन रंग आहेत, लाल नाहीच. टोपीवरचे लाल-पिवळा-हिरवा हे रंग इथिओपियाच्या झेंड्याचे. 1930 मध्ये हाइले सेलासी तिथे सम्राट झाला आणि जमैकातल्या गरीब कृष्णवर्णीयांपैकी काहींनी त्याच्यात देव पाहिला. तिथून रास्ताफारी पंथ उभा राहिला. केसांना वस्तरा लावायचा नाही हे बायबलमधलं व्रत, म्हणून जटा. आणि एवढा जटाभार मावावा म्हणून ती ऐसपैस टोपी. या जटांची किंमत त्या लोकांनी मोजली आहे. 1963 मध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे रास्ता आणि पोलीस यांच्यात झालेल्या हिंसक चकमकीनंतर रास्तांची धरपकड झाली, त्यांना मारहाण झाली, जबरदस्तीने जटा कापल्या गेल्या. सरकारने माफी मागितली ती थेट 2017 मध्ये. म्हणून नकली जटा शिवलेली टोपी पार्टीत कुणी डोक्यावर चढवली, की मला खरंच वाईट वाटतं.

डान्सहॉलचा पोशाख या व्रताच्या दुसऱ्या टोकाला आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत रस्त्यावर, मोकळ्या अंगणात भल्यामोठ्या स्पीकरच्या भिंती रचून नाच चालायचा. स्पीकरच्या या सरंजामाला साउंड सिस्टिम म्हणतात. 1970चं दशक संपता संपता इथलं संगीत रेगे या आधीच्या जमैकन संगीतापासून वेगळं व्हायला लागलं. 1985 मध्ये ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं आलं ते कॅसिओच्या छोट्याशा कीबोर्डमधल्या तयार तालावर. संगीत बदललं तसे कपडेही बदलले: चकाकते सूट, रेशमी शर्ट, सोनं.

आणि जाळीचा बनियन. तिकडे त्याला ‘मेश मरीना’ म्हणतात. आपल्याकडे असला बनियन शर्टाच्या आत असतो किंवा दोरीवर वाळत असतो. डान्सहॉलमध्ये तोच वर आला: भोकाभोकांतून अंग दिसतंय, वर साखळी लोळतेय. पायात क्लार्क्सचे सुएडचे, म्हणजे लवदार चामड्याचे बूट, इंग्लंडमधल्या स्ट्रीट नावाच्या गावच्या कंपनीचे. सुएडवर धूळ चटकन बसते, म्हणून ते टूथब्रशने घासायचे. रस्त्यावरच्या नाचात बूट स्वच्छ ठेवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट. 2010 मध्ये डान्सहॉल गायक व्हायब्झ कार्टेलने या बुटांवर गाणंच केलं आणि ते तुफान गाजलं.

एवढा थाट कुणासाठी? उत्तर आहे ‘व्हिडिओ लाइट’. या पार्ट्यांमध्ये कॅमेरावाला प्रखर दिवा घेऊन गर्दीतून फिरतो. दिवा अंगावर पडला, की ते काही क्षण तुमचे. त्या झोतात साधा सुती शर्ट विझून जातो. चमक, जाळी आणि रंगवलेले केसच उठून दिसतात. बोगल नावाने ओळखला जाणारा नर्तक जेराल्ड लेव्ही यात राजा होता. 2005 मध्ये त्याचा खून झाला, पण त्याने बसवलेल्या स्टेप आजही नाचल्या जातात. यातली एक गोष्ट मला अजूनही सुटत नाही. डान्सहॉलच्या कितीतरी गाण्यांत समलिंगी पुरुषांबद्दल उघड द्वेष आहे, आणि त्याच तालावर पुरुषांची टोळकी कोरलेल्या भुवया, घट्ट पँट, रंगीत केस अशा थाटात एकत्र नाचतात. मर्दानगीचे नियम गाण्यात एक, अंगावर दुसरेच.

ओळखायची माझी रीत सोपी आहे: हा माणूस सकाळी शेतात जाताना काय घालेल, असं मनाशी विचारायचं. रास्ताच्या जटा तेव्हाही डोक्यावर असतात. डान्सहॉलचा थाट मात्र रात्रीचा, दिव्यासमोरचा.

ही रीत जिथे अडते ती जागा सगळ्यात सुंदर आहे. 1990च्या दशकात केपल्टन, सिझला, अँथनी बी हे गायक डान्सहॉलच्याच स्टेजवर डोक्याला घट्ट कापड गुंडाळून उभे राहिले. हे फेट्यासारखं गुंडाळणं बोबो अशांती या रास्ता शाखेचं. तिची वसाहत किंग्स्टनच्या पूर्वेला, बुल बे इथे. बुजू बँटन तर डान्सहॉलचा तरणाबांड स्टार असतानाच रास्ता झाला आणि त्याने जटा वाढवल्या. बाकी सगळं तेच राहिलं: स्पीकरच्या भिंती, मध्यरात्रीची गर्दी, आणि कॅमेरावाल्याचा तोच दिवा आता व्रताच्या जटांवर.