पावसाळ्यात किनाऱ्याने निघालेल्या दोघांसाठी

आमच्याकडून भाड्याच्या गाडीची किल्ली घेताना हे पत्रक सोबत घ्या आणि चिपळूण सोडण्याआधी एकदा वाचा. जून ते ऑगस्टमध्ये आमच्याकडे येणारी बहुतेक जोडपी एकच रस्ता धरतात: गुहागर, हेदवी, तवसाळ, फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी. नकाशावर हे एका दिवसाचं काम दिसतं. पावसात दोन मुक्काम धरा. आमचं ऐकाल तर तीन.

या दिवसांत किलोमीटर मोजू नका, भरती मोजा. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. तासभर इकडेतिकडे होतं, पण दिवस आखायला पुरतं. अचूक वेळ हवी असेल तर तक्ता पाहा.

हे गणित सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेदवीला. उमामहेश्वराच्या देवळापुढे खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं, आत कोंडतं आणि तोफ उडाल्यासारखा आवाज करत वर फेकलं जातं. ओहोटीला गेलात तर ‘एवढंच?’ म्हणून परत याल. भरतीला जा, पण लांबून पाहा. पावसाळ्यात खडकावर शेवाळ असतं आणि लाट सांगून येत नाही. एकाने फोटो काढताना दुसऱ्याने समुद्राकडे पाहत राहावं. दोघांनी मिळून पाठ फिरवू नये.

तवसाळची फेरीबोट खाडीत चालते, तरी वारा जास्त असला की थांबते. सकाळी निघण्याआधी मुक्कामाच्या काकूंना विचारा, त्यांना बातमी आधी असते. बोट बंद असली तर भातगावच्या पुलावरून वळसा घालून जयगडकडे येता येतं. रस्ता लांबचा, पण हिरवा. बोटीवर गाडी चढवताना पहिला गिअर, आणि तिथला माणूस हात करील तसं. तिकिटाला सुटे पैसे ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

गाडी पुळणीवर नेऊ नका. मागच्या जुलैत एका जोडप्याने ओहोटीला घट्ट वाळू पाहून गाडी खाली उतरवली आणि भजी खायला गेले. परत आले तेव्हा पाणी दारापर्यंत होतं. ट्रॅक्टरने ओढून काढली, पण खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं ते गेलंच. असा खर्च विम्यात बसत नाही, तो तुमच्याकडून घेतला जातो.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, ढग उतरला की समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही. दिवे खालच्या बीमवर ठेवा, काच धुरकटली तर एसी काचेवर सोडा. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. अंधार पडल्यावर शक्यतो गाडी काढूच नका. पावसात गुरं कोरडी जागा म्हणून डांबरावरच बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्यात उशिरा दिसते.

ताज्या माशांचा हट्ट धरू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजा पापलेट’ अशी पाटी दिसली तर तो बर्फातला समजा. त्यापेक्षा टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं, भाजलेला सुका बांगडा आणि गरम भात मागा. या हंगामात बऱ्याच खाणावळी बंद असतात. जेवण सकाळीच फोनवर सांगून ठेवलं तर काकू हौसेने करतात.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. पाऊस धरला की तिथे ओसरीवर बसून राहायला बरं वाटतं.

गाडी परत देताना धुवून आणू नका. खालून गोड्या पाण्याचा फवारा आम्हीच मारतो, खारं राहिलं तर पत्रा खातं. फक्त ओल्या छत्र्या आणि टॉवेल डिकीत विसरू नका. दोन दिवसांनी तो वास आम्हालाच काढावा लागतो.