हलके काम

कामावर जखमी झालेल्या कामगाराला त्याचे मूळ काम पुन्हा झेपू लागेपर्यंत दिले जाणारे तात्पुरते, बदललेले काम. कारखान्यात याला सर्रास ‘लाइट ड्युटी’ म्हणतात. ‘हलके काम’ हा शब्द जास्त करून अर्जात आणि युनियनच्या पत्रात दिसतो. कधी काम तेच ठेवून उचलायचे वजन, उभे राहण्याचा वेळ किंवा रात्रपाळी कमी करतात, तर कधी माणसाला दुसऱ्याच खात्यात बसवतात. यातला कळीचा शब्द ‘तात्पुरते’ हा आहे. जखम भरत जाईल तसे काम वाढत जाणे अपेक्षित असते.

हलके म्हणजे नेमके काय, हे जखमेवर ठरते आणि अंदाजाने ठरवले तर फसते. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर डाव्या हाताची बोटे चेंगरणे ही वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतली नेहमीची दुखापत. टाके निघाले, जखम वरून सुकली, तरी पकड येत नाही आणि बोटांना थंड लोखंड सोसत नाही. असा माणूस दोन्ही हातांनी बटणे दाबून चालवायच्या प्रेसवर उभा राहू शकत नाही. मग ‘पायाच्या पेडलवर चालणारा दे, त्याला हात कुठे लागतात’ असे सुपरवायझरला सुचते. पण पेडलच्या प्रेसवर दोन्ही हात मोकळे राहतात, नेमके म्हणूनच तिथे बोटे डायखाली (साच्याखाली) जातात. त्याला शोभणारे काम म्हणजे तपासणीच्या टेबलावर बसून उजव्या हाताने गेज (माप तपासायचे साधन) लावणे आणि नापास भागावर खडूची खूण करणे. ‘हलके काम द्यावे’ एवढ्या तीन शब्दांच्या चिठ्ठीतून हे उमगत नाही. किती किलोपर्यंत उचलायचे, कोणता हात वापरायचा नाही, पुन्हा दाखवायला कधी यायचे, हे डॉक्टरने लिहायला हवे. तारीख नसलेल्या चिठ्ठीवर माणूस स्टोअरमध्ये वर्षभर बोल्ट मोजत बसतो आणि त्याची जुनी जागा दुसऱ्याची होते.

भारतीय कायद्यात पूर्ण सुट्टी आणि पूर्ण काम यांच्या मधल्या या अवस्थेला फारशी जागा नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याची ‘तात्पुरती अपंगता’ची व्याख्या खरे तर सैल होती: उपचारांची गरज असणे आणि दुखापतीच्या वेळी करत होता ते काम करता न येणे, एवढेच ती मागत असे. म्हणजे प्रेस चालवता येत नसेल पण गेज लावता येत असेल, तरी माणूस व्याख्येत बसत असे. पण त्याच कायद्याचे कलम ६३ सांगत असे की ज्या दिवशी तो काम करेल त्या दिवसाचा लाभ त्याला मिळणार नाही. घरी बसला तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. चार तास कामाला गेला आणि मालकाने चारच तासांचे पैसे दिले, तर विम्याकडून उरलेल्या चार तासांचे काही येत नाही. त्यामुळे कामगार ईएसआयच्या डॉक्टरकडून अंतिम (कामावर परतायला योग्य असल्याचे) प्रमाणपत्र घेण्याची घाई करत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

गंमत अशी की त्याहून पंचवीस वर्षे जुन्या, १९२३ च्या भरपाई कायद्याला ही मधली अवस्था ठाऊक होती. तात्पुरत्या अपंगतेसाठी तो दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देत असे. मात्र अपघातानंतर माणूस कमी पगारावर का होईना कमावत असेल, तर ही रक्कम आधीच्या आणि आताच्या पंधरवड्याच्या कमाईतल्या फरकापेक्षा जास्त होऊ शकत नसे. थोडे काम आणि थोडी भरपाई एकत्र चालू शकतात, हे त्यात गृहीत होते. दोन्ही कायद्यांतल्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्यांच्या जागी ही संहिता लागू झाली. जर्मनीत ‘हॅम्बर्ग मॉडेल’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच्याही पुढे जाते: कामगार कागदोपत्री आजारीच राहतो, आजारपणाचा भत्ता चालू असतो आणि कामाचे तास टप्प्याटप्प्याने वाढवले जातात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टरच्या दाखल्यावर ‘काम करू शकणार नाही’ याच्या जोडीला ‘बदल केल्यास करू शकेल’ असाही पर्याय आला.

हलक्या कामाचा एक काळा उपयोगही आहे. कारखाने अधिनियमानुसार, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेनुसारही, दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त काळ काम करू शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना द्यावी लागते. म्हणून काही ठिकाणी पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवून आणतात, हजेरी लावतात आणि कँटीनच्या बाकावर बसवून ठेवतात. गेटवरच्या फलकावर ‘अपघातविरहित दिवस’ वाढत राहतात. अमेरिकेत अपघातांच्या नोंदवहीत काम बुडालेल्या दिवसांसाठी एक रकाना असतो आणि मर्यादित काम केलेल्या दिवसांसाठी दुसरा, त्यामुळे तिथे माणसाला नुसते आणून बसवले तरी नोंद टळत नाही.

हलके काम करणाऱ्याचा मूळ पगार सहसा टिकतो, पण ओव्हरटाइम आणि उत्पादनावरचा बोनस जातो. शिवाय ‘साहेब झालास की’ हे टोमणे असतातच, कारण त्याच्या वाटणीचे वजन लाइनवरचे बाकीचे उचलत असतात. ठेकेदाराच्या माणसाला तर हा पर्याय क्वचितच मिळतो. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा केला जातो.

अपंगत्व कायमचे ठरले की प्रश्न हलक्या कामाचा राहत नाही, पर्यायी नोकरीचा होतो. राजस्थान एसटीच्या चालकांना दृष्टी अधू झाली म्हणून काढले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या आनंद बिहारी खटल्यात शक्य तिथे दुसरे काम आणि नसेल तिथे भरपाई देण्याची योजना घालून दिली. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, त्याची श्रेणीही उतरवता येत नाही. योग्य पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावे लागते. हे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. प्रेसवर बोटे गेलेला कामगार बहुधा खासगी कारखान्यातला असतो.