शर्ट आणि स्कर्ट: एकाच आईची लेकरं

फॅशनवरच्या इंग्रजी लिखाणात ‘शीक’ (ऐटदार), ‘कूट्युअर’ (उंची शिवणकाम) असे फ्रेंच शब्द आले की कुणीतरी हमखास कुरकुरतं: साधे इंग्रजी शब्द काय संपले होते? ही कुरकुर जुनीच आहे. इंग्रजी ‘स्वच्छ आणि शुद्ध’ लिहावी, परभाषेची उसनवारी नको, असं सर जॉन चीक या विद्वानाने १५५७ सालीच पत्रात लिहिलं. पण शुद्ध या अर्थी त्याने वापरलेला ‘प्युअर’ हा शब्द फ्रेंचमधूनच आलेला!

मग साधं, घरचं इंग्रजी कुठलं? ‘शर्ट’ घ्या. इंग्रजीची पूर्वज असलेल्या प्राचीन जर्मॅनिक भाषेत एक शब्द होता, ‘शॉर्ट’च्या नात्यातला, अर्थ साधारण ‘आखूड वस्त्र’. त्यात ‘स्क’ हे जोडाक्षर होतं. आता ‘स्क’ म्हणून पाहा. ‘स’ला जिभेचं टोक दातांजवळ, लगेच ‘क’ला जिभेची मागची बाजू पडजिभेच्या दिशेने. जुन्या इंग्रजीत हा ‘क’ हळूहळू पुढे, कडक टाळूकडे सरकला. दोन्ही उच्चार मधेच भेटले आणि ‘श’ तयार झाला. ‘फिस्क’चा ‘फिश’ झाला तो असाच. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला वसलेल्या व्हायकिंगांच्या बोलीत मात्र ‘स्क’ शाबूत होता. त्यांच्याकडून त्याच मूळ शब्दाचं दुसरं रूप आलं: ‘स्कर्ट’. एका वस्त्राला दोन नावं कशाला? म्हणून पुढे वाटणी झाली. कमरेवरचा शर्ट, कमरेखालचा स्कर्ट.

उसना शब्द टिकतो तो बहुधा असा, स्वतःचं वेगळं काम मिळालं की. शब्दकोशात आला म्हणून कुठलाच शब्द ‘शुद्ध’ ठरत नाही; तिथली नोंद ही फक्त वापराची नोंद असते. ते काही मानपत्र नव्हे.

जाता जाता ‘पॉश’बद्दल. बोटीच्या महागड्या तिकिटांवरच्या चार आद्याक्षरांवरून तो बनला, ही गोष्ट लोक फार विश्वासाने सांगतात. पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही.

उच्चारावरून शब्दाचं वयही ताडता येतं. जुन्या फ्रेंचमधला ‘च’ तेराव्या शतकाच्या सुमारास ‘श’ झाला. त्याआधीच्या उच्चारासह आलेला ‘चीफ’ आणि एकोणिसाव्या शतकात आलेला ‘शेफ’ हा मुळात एकच शब्द. आणि ‘शीक’? ‘श’ने सुरू होतो, म्हणजे पाहुणा उशिराचा.