डांबरगोळे, समुद्राचं पाणी आणि ग्वानिनची साक्ष

पावसाळा तोंडावर आला की कोलवा-कळंगुटच्या वाळूत समुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे डांबरगोळे येऊन पडतात. पाण्याचा अहवाल मागवला तर कोणतं हायड्रोकार्बन (तेलातलं रसायन) किती, एवढं कळतं. त्या सगळ्या मिश्रणाने डीएनएला इजा होते का, हे त्या यादीतून कळत नाही. त्यासाठी डीएनएच त्या पाण्यात बुडवायचा आणि त्यात काय बदललं ते विजेने मोजायचं. डीएनए इलेक्ट्रोडवर प्रतिसाद देतो, हे चेक शास्त्रज्ञ एमिल पालेचेक यांनी १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोमध्ये दाखवून दिलं.

डीएनएची 'अक्षरं' म्हणजे चार क्षारकं; त्यांपैकी ग्वानिन सर्वांत सहज इलेक्ट्रॉन सोडतं. ग्लुकोमीटरच्या पट्टीसारखी छापील कार्बनची पट्टी घ्या. पीएच ४.८ च्या अॅसिटेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तिला मिनिटभर +१.७ व्होल्ट देऊन पृष्ठभाग तयार करा. मग वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, +०.५ व्होल्टवर ५ मिनिटं बसवा. फॉस्फेटचा ऋणभार त्याला पट्टीकडे ओढतो. पट्टी धुऊन २ मिनिटं नमुन्यात ठेवा, पुन्हा धुवा आणि व्होल्टेज ०.२ पासून १.४ पर्यंत चढवा. +१ व्होल्टच्या आसपास विद्युतप्रवाहाच्या आलेखात ग्वानिनचं शिखर उमटतं. नुसत्या बफरमधल्या शिखराच्या तुलनेत ते ८५ टक्क्यांच्या वर राहिलं तर नमुना निरुपद्रवी धरतात, ५० च्या खाली गेलं तर विषारी.

हे शिखर वाचताना खरी कसोटी लागते. दुहेरी पिळात ग्वानिन आत झाकलेलं असतं. प्रदूषकाने ते ऑक्सिडाइझ केलं, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन आधीच काढून घेतले, की शिखर खचतं; पण पीळच उकलला तर झाकलेलं ग्वानिन उघडं पडून शिखर वाढतं. दोन्ही एकदम घडलं तर आकडा जागचा हलत नाही, आणि इजा मात्र झालेली असते. म्हणून +०.४५ व्होल्टच्या आसपासही पाहावं. तिथे ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे ऑक्सिडाइझ झालेलं ग्वानिन दिसतं; तो ऑक्सिडेशनचा थेट पुरावा. पेशीत हे बिघडलेलं क्षारक छाटून टाकणारं ओजीजी१ हे एन्झाइम असतंच. 'डीएनए डिटॉक्स' म्हणून विकली जाणारी पेयं ते काम करतात याला काही आधार नाही.

मांडवी-झुआरीच्या पाण्यात आणखी अडचणी येतात. कुजलेल्या पाल्यातून आलेली ह्युमिक आम्लं पट्टीवर थर धरतात आणि डीएनए शाबूत असूनही शिखर घटतं. त्यामुळे तेवढ्याच खारटपणाचं कृत्रिम समुद्रजल तुलनेला हवं. डीएनए न बसवलेली पट्टीही नमुन्यात बुडवून, नंतर तिच्यावर शुद्ध ग्वानिन मोजावं. तिथेही शिखर घटलं तर दोष थराचा. डांबरातलं बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि यकृतातल्या एन्झाइमांनी बदलल्याखेरीज ग्वानिनला नीट चिकटतही नाही. त्याचा अर्क काढून यकृताच्या मायक्रोसोममध्ये (ही एन्झाइमं असलेल्या पेशीच्या तुकड्यांमध्ये), त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या एनएडीपीएचसह मुरवला नाही, तर घातक नमुनाही स्वच्छ दिसेल.

शिवाय मोजताना ग्वानिन जळून जातं, पट्टी पुन्हा वापरता येत नाही. नमुना आणि तुलना नेहमी वेगवेगळ्या पट्ट्यांवर होतात आणि पट्टीगणिक थोडा फरक पडतोच. प्रत्येकी निदान ३ पट्ट्या घ्याव्यात.